नमुन्यापासून उत्तरापर्यंत : वेगवान रासायनिक विश्लेषणाची प्रस्तावना

वऱ्हाडात वेगवान तपासणीशी पहिली गाठ पडते ती जिनिंगमध्ये. एके काळी कापसाची प्रत व्यापाऱ्याच्या बोटांवर ठरायची. गाडीतला मूठभर कापूस उचलायचा, चिमटीत धागा ओढून लांबी नजरेने जोखायची आणि भाव बोलायचा. आता रुईचा नमुना एचव्हीआय यंत्रात जातो आणि धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग, कचरा हे सगळे आकडे एक-दोन मिनिटांत छापून बाहेर येतात. १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाची तंत्रज्ञान प्रयोगशाळा निघाली, तेव्हा यातले एकेक मोजमाप वेगळे बसून करावे लागे. मोजायच्या गोष्टी बऱ्याचशा त्याच राहिल्या; दिवसाकाठी किती नमुने हातावेगळे होतात, ते मात्र पार बदलले.

हे पुस्तक त्याच जातीच्या यंत्रांविषयी आणि पद्धतींविषयी आहे. फरक एवढाच की इथे धाग्याऐवजी रेणू मोजायचे आहेत. संत्र्याच्या सालीवर राहिलेले कीटकनाशक, रुग्णाच्या रक्तातले औषध, वनस्पतीच्या अर्कातला गुणकारी घटक, खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे क्षार, आणि नव्या औषधाच्या शोधात एकामागून एक पारखून पाहायचे हजारो पदार्थ. अशा कामासाठी जगभर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जी तंत्रे उभी राहिली, त्यांना 'हाय-थ्रूपुट' म्हणतात. कमी वेळात, कमी द्रावकात, कमी माणसांत पुष्कळ नमुन्यांची भरवशाची तपासणी, असा त्याचा सरळ अर्थ.

वेगाचे कौतुक करण्यासाठी मात्र हे पुस्तक लिहिलेले नाही. एका नमुन्याला अख्खा दिवस लागत होता, तेव्हा ज्याचा संशय आहे तेवढेच विचारण्याची प्रयोगशाळेची ऐपत होती. 'यात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आहे का?' एवढा एकच प्रश्न, आणि हो किंवा नाही एवढेच उत्तर. वेग वाढला तसा 'यात काय काय आहे?' हा प्रश्न परवडू लागला. एका शेताऐवजी तालुक्यातल्या सगळ्या शेतांबद्दल, एका रुग्णाऐवजी सगळ्या वॉर्डाबद्दल विचारता येऊ लागले. वेगाने दिलेली खरी देणगी ही आहे. आणि ती पदरात पडायची तर यंत्र विकत घेऊन भागत नाही. जिनिंग कितीही झपाट्याने चालो, वजनकाटा एकच असला तर गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाणारच. रासायनिक तपासणीतला वजनकाटा बहुतेक वेळा यंत्राच्या अलीकडे, म्हणजे नमुना घेताना, नाहीतर यंत्राच्या पलीकडे, म्हणजे उत्तर पोचवताना सापडतो. हे एवढे मनात धरून वाचकाने पुढची प्रकरणे वाचावीत.

वेग वाढवायच्या वाटा मुळात तीनच आहेत आणि पुस्तकाचे पहिले तीन भाग त्यांच्यावरच बेतले आहेत. पहिली वाट, अनेक नमुने एकाच वेळी चालवायचे. दुसरी, एकाच नमुन्यात अनेक पदार्थ एकदम मोजायचे. तिसरी, एका मोजणीला लागणारा वेळच कापायचा.

पहिल्या वाटेचा उगम हंगेरीतला. १९५१ च्या सुमारास तिथे फ्लूची मोठी साथ होती आणि काचसामानाची टंचाई. ग्युला टाकाची नावाच्या डॉक्टराने अॅक्रिलिकच्या ठोकळ्यात हाताने खळगे पाडले, बाराची एक अशा सहा रांगा, आणि परीक्षानळ्यांची चवड बाजूला सारून सगळ्या चाचण्या त्या एका तुकड्यात केल्या. पुढे त्या रांगा आठ झाल्या आणि ९६ खळग्यांची पट्टिका जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. ती पोस्टकार्डाहून थोडी लहान असते आणि तिच्या दोन खळग्यांच्या मध्यांत ९ मिलिमीटर अंतर असते. एकाच वेळी आठ किंवा बारा टोकांनी द्रव सोडणारे पिपेट त्याच मापाचे बनले. मग खळगे ३८४ झाले, पुढे १५३६ झाले, आणि माणसाच्या हाताची जागा यंत्रमानवाच्या हाताने घेतली. औषध कंपन्या दिवसाला हजारो पदार्थ पारखू लागल्या, त्याचा पाया हा प्लास्टिकचा तुकडा आहे.

या पट्टिकेवरचा एक प्रयोग पहिल्या भागात सविस्तर दिला आहे, कारण त्याचा संबंध वऱ्हाडाच्या वावराशीही आहे आणि जगातल्या औषधसंशोधनाशीही. तो आहे १९६१ मध्ये एलमन यांनी सांगितलेली कोलिनएस्टरेजची चाचणी. आपल्या शरीरात मज्जातंतूचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारे एक विकर असते, अॅसिटिलकोलिनएस्टरेज. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके त्याला आणि रक्तद्रवातल्या त्याच्या भाऊबंद विकराला जखडून ठेवतात. निरोप पुसला जात नाही. तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती भरते. एलमनच्या चाचणीत खळग्यात रक्तद्रवाचा थेंब, डीटीएनबी नावाचे अभिकर्मक आणि विकराला तोडायला दिलेला एक पदार्थ एकत्र येतात. विकर शाबूत असेल तर द्रावण भराभर पिवळे होते. विकर अडकलेले असेल तर रंग चढता चढत नाही. वाचनयंत्र हा पिवळेपणा ४१२ नॅनोमीटरवर मोजते आणि ९६ खळग्यांचे आकडे काही मिनिटांत समोर येतात. इथे एक खाचखळगा आहे. लाल पेशींमधले हिमोग्लोबिन याच तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषते, म्हणून अख्ख्या रक्तावर चाचणी करायची तर पद्धतीत फेरफार करावा लागतो. सवयीने जुनीच पद्धत वापरली तर आकडा येतो, पण तो फसवा असतो.

हीच चाचणी औषधशोधात उलट्या अंगाने वापरतात. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत निरोप क्षीण झालेले असतात. ते जरा जास्त वेळ टिकावेत म्हणून हेच विकर मोजून-मापून आवरायचे असते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन ही त्याच कामाची औषधे. नवे रेणू आणि वनस्पतींचे अर्क पट्टिकेवर मांडायचे आणि कोणत्या खळग्यात पिवळा रंग मंदावतो ते पाहायचे. फवारणीने बेशुद्ध झालेल्या मजुराची तपासणी आणि विस्मरणाच्या औषधाचा शोध, दोन्ही एकाच पट्टिकेवर, एकाच पिवळ्या रंगावर चालतात. आमच्या पदवीच्या विद्यार्थ्याला महागड्या यंत्रावाचून हाय-थ्रूपुट म्हणजे काय हे शिकवायचे असेल तर यापेक्षा चांगला प्रयोग मला ठाऊक नाही.

पहिल्याच वाटेवर दुसरे एक साधन आहे. आपल्याकडच्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांना ते चांगले परिचयाचे आहे, पण त्याला वेगवान तंत्रांच्या पंगतीत कोणी सहसा बसवत नाही. ते म्हणजे एचपीटीएलसी. काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सिलिकाचा पातळ थर, त्याच्या कडेला ओळीने नमुन्यांच्या पट्ट्या, खाली द्रावक. वीस सेंटिमीटर रुंद पत्र्यावर पंधरा-सोळा नमुने शेजारी शेजारी एकदम वर चढतात. स्तंभातून एकेक नमुना सोडणारे यंत्र तेवढ्या वेळात दोन-तीन नमुनेच उरकेल.

पुस्तकात यासाठी उदाहरण घेतले आहे पानपिंपरीचे. अंजनगाव सुर्जी आणि अकोटच्या बाजूला पानमळ्यांच्या जोडीने पिढ्यान्‌पिढ्या हे पीक घेतले जाते. ही आयुर्वेदातली पिंपळी, त्रिकटूतली तिसरी. सुंठ, मिरी आणि पिंपळी एवढ्या औषधयोगांत पुन्हा पुन्हा का येतात, या प्रश्नाचा पाठपुरावा जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केला. त्यांना असे दिसले की त्यातले पायपरीन दुसऱ्या औषधाला शरीरात अधिक प्रमाणात पोचायला मदत करते. त्या कामातून पुढे क्षयरोगावरची एक गोळी निघाली. तिच्यात १० मिलिग्रॅम पायपरीनच्या जोडीने रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली आहे.

आता अंजनगावच्या शेतकऱ्याच्या पिंपरीत पायपरीन किती, हे कसे पाहायचे? वाळलेली फळे दळायची, मिथेनॉलमध्ये काढा करायचा, गाळायचा, पत्र्यावर पट्टी ओढायची, टोल्यूइन आणि इथिल अॅसिटेट सातास तीन या प्रमाणात घेऊन पत्रा त्यात उभा करायचा. शेजारच्या पट्टीत शुद्ध पायपरीन ठेवायचे. पत्रा वाळला की अतिनील दिव्याखाली सगळ्या पट्ट्या एका नजरेत दिसतात आणि डेन्सिटोमीटर त्यांचे आकडे काढतो. एक पथ्य मात्र पाळावे लागते. पायपरीन उजेडात बदलते, त्याचे समघटक तयार होतात; म्हणून तपकिरी काचेची भांडी हवीत आणि काढा खिडकीत ठेवून जेवायला जायचे नाही. पंधरा मळ्यांचे पंधरा नमुने, एक पत्रा, एक दुपार. व्यापारी आज फळाचा रंग आणि वाळवण पाहून भाव करतो; त्या जोडीला हा आकडा असेल तर बोलणी वेगळी होतील.

दुसरी वाट, एका नमुन्यात अनेक पदार्थ मोजण्याची. ही वाट क्रोमॅटोग्राफीतून निघते. विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत यांनी पानांतली रंगद्रव्ये चुनखडीच्या भुकटीच्या स्तंभातून सोडली आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्या वेगळ्या झालेल्या पाहिल्या. मार्टिन आणि सिंज यांना १९५२ मध्ये नोबेल मिळाले ते याच कल्पनेला पक्क्या पायावर आणल्याबद्दल. दुसऱ्या बाजूने मास स्पेक्ट्रोमीटर आला. तो रेणूला विद्युतभार देऊन त्याचे वस्तुमान मोजतो. पण द्रवात विरघळलेला नाजूक रेणू न मोडता त्या निर्वात पेटीत न्यायचा कसा, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. ते सोडवणाऱ्यांपैकी जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. स्तंभ आणि स्पेक्ट्रोमीटर यांची जोडी जमली आणि एकाच फेरीत शेकडो कीटकनाशकांचे अंश मोजणे रोजचे काम झाले. या स्पेक्ट्रोमीटरमधली पहिली चाळणी ठरावीक वस्तुमानाचाच आयन पुढे सोडते, मध्ये त्याची टक्कर घडवून तुकडे पाडतात आणि दुसरी चाळणी ठरावीक तुकडाच टिपते. दोन खुणा जुळल्याशिवाय नाव घ्यायचे नाही, हा त्या यंत्राचा शिरस्ता.

यंत्र वेगवान झाले तरी नमुना तयार करण्यात दिवस मोडत होता. ती अडचण २००३ मध्ये आनास्तासियादिस, लेहोटे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या 'क्वेचर्स' पद्धतीने दूर केली. तिची कृती चार ओळींत मावते. १० ग्रॅम वाटलेला नमुना नळीत घ्या, १० मिलिलिटर अॅसिटोनायट्राइल घालून मिनिटभर जोरात हलवा, ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घालून पुन्हा हलवा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा थर घ्या. त्यातला थोडा भाग शोषक भुकटीने स्वच्छ करा आणि यंत्रात सोडा. फनेल नाहीत, लिटरभर द्रावक उडवायचे नाही. एक माणूस सकाळी बसला तर दुपारपर्यंत वीस-पंचवीस नळ्या सहज तयार करतो.

या वाटेवरचा सर्वांत मोठा धडा मात्र महाराष्ट्राने द्राक्षात घेतला. युरोपात पाठवायच्या द्राक्षांसाठी आपल्याकडे प्रत्येक बागेची नोंद आणि निर्यातीपूर्वी अंश-तपासणी अशी चोख व्यवस्था उभी राहिली होती. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिच्या केंद्रस्थानी होते. आणि तरी २०१० मध्ये युरोपच्या बंदरांवर आपली द्राक्षे अडली. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे वाढनियंत्रक. ते तपासणीच्या यादीतच नव्हते. शिवाय हा पदार्थ पाण्याशी इतका सलगी करणारा की नेहमीच्या बहुअंश पद्धतीत तो अॅसिटोनायट्राइलच्या थरात नीट येत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागते. शेकडो नावे तपासणाऱ्या यंत्राने तक्रार करण्याजोगे काहीच केले नव्हते. त्याला जे विचारले, त्याचे उत्तर त्याने दिले होते. पुढे यादी वाढली, पद्धती सुधारल्या. पण 'अहवालात आढळले नाही' याचा अर्थ 'यादीतले आढळले नाही' एवढाच असतो, हे त्या हंगामाने शिकवले. वरूड-मोर्शीचा संत्रा उत्पादक उद्या परदेशी बाजाराकडे पाहणार असेल, तर हा धडा त्याच्यासाठी फुकट मिळालेला आहे.

तिसऱ्या वाटेवर मी प्रस्तावनेत फार रेंगाळत नाही, कारण तिचे गणित त्या भागात आले आहेच. १९५६ मध्ये व्हॅन डीम्टर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या समीकरणातून हे निघते की स्तंभातले कण जितके बारीक, तितका वेग वाढवूनही पदार्थ नीट वेगळे राहतात. अडचण दाबाची होती. २००४ मध्ये दोन मायक्रॉनहून बारीक कण आणि तो दाब सोसणारी यंत्रे बाजारात आली आणि अर्ध्या तासाची फेरी पाच मिनिटांवर उतरली. याचा फायदा औषधाच्या चाचण्यांत कसा होतो ते आकड्यांत पाहावे. समजा दोन गोळ्यांची तुलना करायची आहे. २४ स्वयंसेवक, प्रत्येकाचे १४ वेळा रक्त, दोन फेऱ्या : एकूण ६७२ नमुने. प्रत्येकी १० मिनिटे धरली तर यंत्र ११२ तास अखंड चालवावे लागेल. ३ मिनिटे धरली तर ३४ तासांच्या आत काम उरकते. यात प्रमाण-नमुने आणि तपास-नमुने वेगळे मिळवायचे. त्या तपास-नमुन्यांपैकी दर सहांत किमान चार खऱ्या किमतीच्या १५ टक्क्यांच्या आत आले नाहीत, तर त्या फेरीतले सगळे आकडे रद्द. वेगवान यंत्रावर काम करणाऱ्याची शिस्त अशी कडक असावी लागते, कारण चूकही त्याच वेगाने वाढते.

चौथा भाग हा या पुस्तकाचा कणा आहे आणि तो यंत्राविषयी नाही. त्याचे पहिले प्रकरण आहे नमुना घेण्याचे. संत्र्याचा अंश तपासायचा तर एका झाडाची दोन फळे पिशवीत टाकून चालत नाही. आंतरराष्ट्रीय संकेत असा की या आकाराची किमान दहा फळे आणि किमान एक किलो वजन हवे. ती बागेच्या निरनिराळ्या भागांतून, झाडाच्या वरून-खालून, आतून-बाहेरून घेतलेली हवीत. आणि ती सालीसकट वाटायची. साल काढून खाणाऱ्या माणसाला हे चमत्कारिक वाटते, पण फवारा सालीवर बसतो आणि मर्यादाही अख्ख्या फळासाठी ठरवलेली असते. त्यातही खोलीच्या उष्णतेत वाटताना काही कीटकनाशके मोडतात, म्हणून कोरड्या बर्फात गोठवून वाटणे उत्तम. ज्या पदार्थासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. म्हणजे एक टन फळांत १० मिलिग्रॅम. एवढ्या सूक्ष्म मोजणीत धुऱ्यालगतची चार फळे जास्त आली, तर जगातले सर्वांत महाग यंत्रही चुकीच्या बागेचे अचूक उत्तर देईल.

त्याच भागातले दुसरे प्रकरण उत्तर पोचवण्याचे, आणि त्यासाठी २०१७ च्या खरिपाकडे जावे लागते. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अकोला-अमरावतीकडेही बळी गेले. पऱ्हाटी अनेक ठिकाणी डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा अंगावर येत होता आणि पंपात दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली असत. चौकशीसाठी अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथक नेमले गेले. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या प्रसंगातला एक मुद्दा नीट समजून घ्यावा. चर्चेत असलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस होते आणि डायफेन्थियुरॉनही. पहिले ऑरगॅनोफॉस्फेट, ते वर सांगितलेल्या विकराला जखडते आणि त्यावर अॅट्रोपिनचा उपाय असतो. दुसऱ्याची जात निराळी. ते शरीरात आणि उन्हात बदलून पेशीच्या ऊर्जायंत्रणेवर घाला घालते. त्यावर अॅट्रोपिन हा उतारा नाही. खाटेवरच्या माणसाच्या अंगात कोणते विष आहे हे कळल्याखेरीज उपचाराची दिशा ठरत नाही, आणि मिश्रण असेल तर लक्षणे एकमेकांत मिसळतात.

अशा वेळी काय हवे होते? कोट्यवधींचा मास स्पेक्ट्रोमीटर दुसऱ्या दिवशी नाव पक्के करू शकला असता, आणि न्यायवैद्यक अहवालासाठी तो लागतोच. पण दाखल होताच पहिल्या तासात एलमनच्या चाचणीने एवढे तरी सांगता आले असते की विकर अडकलेले आहे की नाही. तिचे साहित्य साधे आहे, वाचनयंत्र कोणत्याही बऱ्या जीवरसायन विभागात असते. ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणीच आणि तातडीने व्हावी, ही मागणी त्या हंगामानंतर जोराने पुढे आली. माझे म्हणणे त्याच्या पुढे एक पाऊल जाते. फवारणीच्या महिन्यांत ही चाचणी आजारी पडण्याची वाट पाहत बसू नये. हंगामाआधी मजुराचा मूळ आकडा घ्यावा, हंगामात ठरावीक दिवसांनी पुन्हा घ्यावा. आकडा घसरू लागला की त्याला पंपापासून काही दिवस लांब ठेवावे. एका गावाचे ऐंशी-नव्वद फवारणी करणारे एका पट्टिकेत मावतात. वेगवान तपासणीचा उपयोग यालाच म्हणायचे.

पाचव्या भागात फसवणुकीच्या जागा सांगितल्या आहेत. हजारो पदार्थ पारखताना काही पदार्थ विकराला हात न लावताच रंगाचा आकडा बिघडवतात. स्वतः पिवळे असतात, द्रावणात गोळे करतात किंवा अभिकर्मकालाच चिकटतात. वनस्पतींच्या अर्कांत तर टॅनिनमुळे असे हमखास घडते, आणि मेळघाटातल्या एखाद्या पाल्याला घाईघाईने 'अल्झायमरवर गुणकारी' ठरवणारा शोधनिबंध तयार होतो. म्हणून पट्टिकेवरची चाचणी भरवशाची आहे का हे आधी पाहायचे. १९९९ मध्ये झांग आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी झेड-प्राइम हा मापदंड दिला. होकारी आणि नकारी नमुन्यांच्या सरासरीतले अंतर एकीकडे आणि दोघांच्या आकड्यांतला विखुरलेपणा दुसरीकडे, अशी ती तुलना आहे. आकडा ०.५ च्या वर आला तर चाचणी चालवायला हरकत नाही. खाली राहिला तर रोबो आणूनही उपयोग नाही. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नमुन्यातली साखर, मेद, क्षार खुणेचा जोर कमी-जास्त करतात. संत्र्याच्या सालीतली तेले या बाबतीत विशेष त्रासदायक, म्हणून प्रमाण-द्रावण शुद्ध द्रावकात न करता स्वच्छ संत्र्याच्या अर्कातच करावे लागते.

वऱ्हाडात या विषयासाठी लागणारी माणसे आणि संस्था नाहीत असे म्हणता येत नाही. अमरावतीची शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्था १९२३ ची, तिथे रसायनशास्त्र शिकवले जाते. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात १९६९ मध्ये आले, अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये. औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये दोन्ही शहरांत आहेत, अमरावतीत न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. उणीव आहे ती या सगळ्यांमधून नमुना फिरवण्याच्या सवयीची. एका ठिकाणी यंत्र असते आणि नमुने नसतात, दुसरीकडे नमुन्यांची रास असते आणि शेजारच्या संस्थेत काय आहे याचा पत्ता नसतो. एम.एस्सी.चा विद्यार्थी बाजारातून आणलेल्या गोळीत तोच ठरलेला घटक मोजून प्रबंध पुरा करतो. त्याच यंत्रावर त्याला अंजनगावची पिंपरी, दर्यापूरच्या विहिरीचे पाणी किंवा वरूडची संत्री मोजता आली असती.

पुस्तक पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आणि अहवाल हाती पडल्यावर तो वाचायचा कसा या विवंचनेत असलेल्या शेतकरी कंपन्यांसाठी आहे. ज्यांना यंत्राचे गणित नको असेल त्यांनी तिसरा भाग वगळून थेट चौथ्यावर जावे. चौथा मात्र कोणी वगळू नये. यंत्रांची आणि रसायनांची नावे प्रयोगशाळेत बोलली जातात तशीच ठेवली आहेत, कारण विद्यार्थ्याला उद्या त्याच नावांनी ती मागवायची आहेत.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रात्यक्षिक आहे आणि त्याखाली तीन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. पहिलीत लिहायचे, नमुना कोणी, कुठून आणि कसा घेतला. दुसरीत, कशाशी ताडून पाहिला. तिसरीत, उत्तर कोणाला आणि किती वेळात सांगितले. पहिल्या दोन ओळी चांगला विद्यार्थी आपणहून भरतो. शिक्षकांना विनंती एवढीच की तिसरी ओळ कोरी असेल तर वहीवर सही करू नये.